न पेरलेल्या शेताचा पंचनामा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ताडोबातील एक वाघीण नोव्हेंबर २०२५ मध्ये चांदोलीच्या जंगलात आणली गेली आणि त्याच दिवसांत जुन्नर-शिरूर भागातल्या बिबट्यांनी साऱ्या राज्याचे लक्ष वेधून घेतले. दोन्ही विषयांना आपल्या दैनिकाने भरपूर जागा दिली, ते योग्यच झाले. मात्र सह्याद्रीच्या माथ्यालगत राहणाऱ्या माझ्यासारख्या वाचकाला त्या सगळ्या मजकुरात एक उणीव जाणवत राहिली. राधानगरी, भुदरगड, गगनबावडा, शाहूवाडी या तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातली शेती वाघामुळे बंद पडत नाही, बिबट्यामुळेही क्वचितच पडते. ती बंद पडते आहे ती गवा, रानडुक्कर आणि वानर यांच्यामुळे. आणि इतक्या निमूटपणे की तिची बातमी व्हावी असा एकही दिवस उजाडत नाही. सरकारी कागदावरचे नुकसान पेरलेल्या शेतापासून सुरू होते. ज्या शेतात माणसाने पेरायचेच सोडून दिले त्याची नोंद कोठे आणि कोणी करायची, एवढ्याच प्रश्नापुरते हे पत्र आहे.

मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असून दाजीपूरच्या बाजूच्या एका वाडीत माझी वडिलोपार्जित शेती आहे. आमच्याकडे वन्यप्राणी हा नवा पाहुणा नाही, हे आधी सांगितले पाहिजे. छत्रपती शाहू महाराजांच्या काळी हे संस्थानचे राखीव शिकारीचे रान होते. १९५८ साली येथे अभयारण्य झाले, ते राज्यातले पहिले. पुढे त्याची हद्द वाढून क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटरवर गेले, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली तेव्हा कास, कोयना आणि चांदोलीबरोबर राधानगरीचेही नाव त्या यादीत आले. गवा अभयारण्य हीच त्याची लोकांमधली ओळख. म्हणजे गव्याच्या शेजारी राहणे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेले आहे. पांदीत गवा उभा दिसला तर ओरडायचे नाही, दगड मारायचा नाही, त्याला मान वळवायला जागा ठेवून आपण मागे सरायचे. कळपापेक्षा एकट्या फिरणाऱ्या नराला जास्त भ्यायचे. करवंदे-जांभळे पिकली की अस्वलाच्या वाटेने एकट्याने जायचे नाही. ही शिकवण आमच्या मुलांना शाळेत जाण्याआधीच मिळालेली असते. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये चुकून आलेल्या गव्यामागे जी गर्दी धावली आणि शेवटी ज्या रीतीने तो मेला, ते दूरचित्रवाणीवर पाहून आमच्या वाडीतली म्हातारी माणसे हळहळली होती. हजार किलोपर्यंत वजन भरू शकणारे ते जनावर मुळात बुजरे असते, हे त्यांना कोणी सांगावे लागले नव्हते.

तेव्हा आमची तक्रार प्राणी असण्याबद्दल नाही. तक्रार आहे ती राखणीबद्दल, आणि राखण म्हणजे नेमके काय हे शहरातल्या वाचकाला ठाऊक असण्याचे कारण नाही म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

भात पोटरीला आले की शेताच्या वरच्या बांधावर खोप उभी राहते. चार मेढी, वर गवताचे किंवा आता प्लास्टिकच्या कागदाचे छप्पर, जमिनीपासून हातभर उंच फळ्यांचे बाज. दाण्यात दूध भरू लागले की रानडुकरे येतात. ती खातात त्यापेक्षा कितीतरी जास्त तुडवतात आणि लोळून आडवे करतात, आणि आडव्या झालेल्या भाताला पावसात मोड यायला वेळ लागत नाही. डोंगरउतारावरच्या हलक्या, वरकस जमिनीतल्या नाचण्यावर गव्यांचा डोळा रोप लागल्यापासूनच असतो. कळप एका रात्रीत शेतातून नुसता चालत गेला तरी सकाळी खुरांच्या खळग्यांत पाणी साचलेले आणि रोपे चिखलात रुतलेली दिसतात. म्हणून रोपलागणीपासून सुगीपर्यंत, आणि ज्याचा ऊस असेल त्याला तोड येईपर्यंत, रोज रात्री घरातले कोणी ना कोणी खोपीत असले पाहिजे. जोडीला एक बॅटरी, एक पत्र्याचा डबा, थोडे फटाके आणि भिजून जड झालेले घोंगडे. धुके उतरले की बॅटरीचा उजेड दहा पावलांपलीकडे जात नाही. त्या पांढऱ्या भिंतीतून अचानक नाकातून जोरात सोडलेला फुत्कार ऐकू येतो, पाठोपाठ काटक्या मोडल्याचा आवाज, आणि जनावर आपल्या डाव्या हाताला आहे की उजव्या, वर आहे की खाली, काही उमगत नाही. डबा वाजवायचा, आरोळी द्यायची. पलीकडच्या खोपीतून उलट आरोळी आली की जिवात जीव येतो. पहाटे घरी यायचे, गोठ्यातली झाडलोट करायची, धारा काढायच्या, दूध संस्थेत पोहोचवायचे आणि मग दिवसाच्या कामाला लागायचे. ज्या घरात पुरुष माणूस कामाला बाहेरगावी आहे त्या घरातल्या बायका हीच राखण करतात, लहान मूल खोपीत निजवून करतात. या कामाची मजुरी कोणत्याही खात्याच्या हिशेबात धरलेली नाही. पिकाच्या उत्पादनखर्चाचे जे तक्ते निघतात त्यांतही ती मला कधी आढळली नाही.

पूर्वीही राखण होती, मग आताच काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडले ते माणसांचे बळ. तीस-चाळीस वर्षांपूर्वी एका शिवारात दहा खोपी असत, तेव्हा एकेकाच्या वाट्याला जाग कमी येई आणि आरोळीला आरोळी मिळे. घरातली तरणी मुले गोकुळ शिरगाव-कागलच्या औद्योगिक वसाहतींत नाहीतर मुंबई-पुण्याला गेली, आणि शेतावर उरले साठीपुढचे आईवडील. ते प्रथम सर्वांत लांबचा, डोंगराला लागून असलेला तुकडा सोडतात. तिथे नाचणा, वरी होई. ती पिके तशीही बाजारात नेण्यासाठी नव्हती, म्हणून फारसे कोणी हळहळत नाही. सोडलेल्या तुकड्यात दोन-तीन पावसाळ्यांत रानमोडी आणि घाणेरी ही झुडपी तणे माजतात, माणसाच्या डोक्यावर जातात, आणि दिवसा लपून बसायला रानडुकरांना याहून चांगली जागा कोणती? आता जो खालचा शेतकरी आहे त्याच्या बांधाला जंगल भिडले. त्याला पूर्वी आठवड्यातून दोन-चार रात्री जागावे लागे, आता रोज जागावे लागते. वर्ष-दोन वर्षे तो टिकतो आणि मग तोही सोडतो. गोधडीचा एक टाका सुटला की पुढचे ओढ न लागताही सुटत जातात, तसे शिवार वरून खाली उसवत येते. शेवटी रान घराच्या परड्यापर्यंत पोहोचते. मग वानरे कौलांवर उतरतात, परसातली केळी आणि फणस त्यांचे होतात, कुत्र्याच्या मागावर बिबट्या अंगणात येतो. आणि त्या दिवशी मात्र वार्ताहर येतात, कॅमेरे येतात, ‘बिबट्याची गावात दहशत’ असा मथळा छापला जातो. बिबट्या अंगणात येण्याची सुरुवात दहा वर्षांपूर्वी वरच्या तुकड्यात नाचणा लावायचा थांबला तेव्हाच झालेली असते, हे त्या बातमीत कोठेच नसते.

जनावरे बाहेर का येतात याचीही बाजू आहेच. जंगलातल्या जुन्या वाड्या उठल्या, गुरे चारणे थांबले, त्याबरोबर गवताळ मोकळी राने झुडपांखाली गेली. दरवर्षी माघ-फाल्गुनात लागणारे किंवा लावले जाणारे वणवे उरलेसुरले गवत जाळतात, आणि जळालेल्या जागी पुन्हा रानमोडीच फोफावते, जिला गवा तोंड लावत नाही. दुसरीकडे धरणांच्या पाण्यावर खोऱ्याखोऱ्यांत ऊस चढला. बारमाही हिरवा चारा, पाणी आणि लपण असे तिन्ही एका ठिकाणी मिळत असेल तर जनावराने डोंगरात उपाशी राहावे अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. कोळसुंद्यांची, म्हणजे रानकुत्र्यांची, टोळी फिरताना दिसली की आमच्याकडे लोक ती खबर आनंदाने एकमेकांना सांगतात, कारण कोळसुंदे फिरले की डुकरे काही काळ पांगतात असा त्यांचा अनुभव आहे. त्यामुळे चांदोलीत वाघ वाढावेत याला इथल्या शेतकऱ्याचा विरोध असेल असे वन खात्याने गृहीत धरू नये.

आता भरपाईबद्दल. माणसाचा बळी गेल्यास वारसांना २५ लाख रुपये मिळतात, आणि २०२३ मध्ये या विषयावर राज्याने स्वतंत्र कायदाही केला. पिकाच्या नुकसानीची तक्रार तीन दिवसांच्या आत नोंदवायची, मग वन, महसूल आणि कृषी खात्यांच्या कर्मचाऱ्यांनी मिळून पंचनामा करायचा अशी पद्धत आहे. कागदावर तिच्यात खोट काढण्यासारखे फारसे नाही. प्रत्यक्षात तीन खात्यांची तीन माणसे एका वेळी डोंगरातल्या वीस गुंठ्यांवर आणणे हे ज्याचे नुकसान झाले त्याच्याच अंगावर पडते. वनरक्षकाकडे मोठे क्षेत्र, तलाठ्याकडे अनेक गावे (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, पदनाम वाढले, माणसे मात्र तितकीच), आणि पावसाळ्यात निम्म्या वाड्यांच्या वाटा ओढ्यांनी अडवलेल्या. यात मी त्या कर्मचाऱ्यांना दोष देत नाही. भर पावसात ढोपरभर चिखल तुडवत आलेले वनरक्षक मी पाहिले आहेत. त्यात आमच्याकडचे सातबारे सामाईक. एका उताऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची पंधरा-वीस नावे, त्यांतली निम्मी मुंबईत. त्यांची संमतीपत्रे गोळा करायला जाण्या-येण्याचा जो खर्च होतो तो पुष्कळदा भरपाईच्या रकमेला भिडतो. पंधरा दिवसांनी डुकरे पुन्हा त्याच शेतात आली तर पुन्हा तोच फेरा. शहाणी माणसे अर्ज करायचेच सोडून देतात, आणि मग आकडेवारीत असे दिसते की अमुक गावात वन्यप्राण्यांचा उपद्रव घटला.

केंद्राने वन्यप्राण्यांमुळे होणारे पिकाचे नुकसान पीक विम्यात घेण्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले आणि खरीप २०२६ पासून ते लागू करण्याचे ठरवले. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु नुकसान झाल्यापासून ७२ तासांत शेताचे ठिकाण दाखवणाऱ्या छायाचित्रासह मोबाइलवरून ते कळवायचे आहे, आणि आमच्या कित्येक वाड्यांत मोबाइलला रेंज मिळवण्यासाठी सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या पठारावर, चढून जावे लागते. तेही एक वेळ करता येईल. पण विमा झाला तरी तो उभ्या पिकाचाच. पेरले असेल, तर नासले असेल, तर पैसे. जो शेतकरी राखणीला माणूस नाही म्हणून पेरतच नाही त्याचे या सगळ्या व्यवस्थेच्या दृष्टीने काहीच नुकसान झालेले नाही. उलट सारी भरपाई बुडित पिकावर असल्यामुळे, रात्रभर जागून ज्याने पीक वाचवले त्याला काही नाही आणि झोपला त्याला अर्ज करण्याचा हक्क, असा उफराटा न्याय होतो.

मारण्याची परवानगी द्या, ही मागणी सभांमध्ये टाळ्या घेते. पिकांचे नुकसान करणाऱ्या रानडुकरांना ठरावीक परवानगीने मारण्याची वाट २०१५ पासून राज्यात उपलब्ध आहे. तिचा उपयोग आमच्या भागात नगण्य आहे, कारण परवान्याची बंदूक असलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी, आणि धुक्यात, पावसात, रात्री, उतारावरच्या भातात पळणाऱ्या डुकरावर गोळी झाडणे म्हणजे पलीकडच्या खोपीतल्या माणसाच्या जिवाशी खेळ. गवा तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि तो तिथेच असावा. कुंपणाच्या तारेत घरगुती विजेचा प्रवाह सोडण्याचा जो चोरटा प्रकार काही ठिकाणी चालतो त्याने गव्यांबरोबर माणसेही मरतात. त्याला कोणत्याही सबबीखाली पाठीशी घालता कामा नये.

सौर कुंपणाला अनुदान मिळते आणि ते चांगले काम करते, पण ते एकेका लाभार्थ्याला दिले जाते हीच मेख आहे. एकाने कुंपण घातले की कळप शेजाऱ्याकडे वळतो, आणि शेजारी बहुधा ज्याला अनुदानाचे कागद जमवता आले नाहीत असाच कोणी गरीब असतो. शिवाय आमच्या पावसात जुलैअखेरीस गवत तारेला टेकते, करंट जमिनीत उतरतो आणि नुसत्या तारा उरतात. कुंपणाखालचे गवत दर आठवड्याला कापणारा, बॅटरी तपासणारा, पडलेली फांदी उचलणारा माणूस असेल तरच त्या कुंपणाला अर्थ आहे, आणि अनुदान उपकरणाला मिळते, माणसाला मिळत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की शासनाने एकट्या शेतकऱ्याऐवजी शिवार हे एकक धरावे. पाच-पन्नास एकरांच्या सलग शिवाराला एक सामाईक कुंपण, आणि रोपलागणीपासून सुगीपर्यंत त्याच गावातले दोन किंवा चार पगारी राखणदार, ज्यांची नेमणूक ग्रामसभेने करावी आणि मजुरी रोजगार हमीतून अथवा वन खात्याच्या निधीतून मिळावी. रात्री राखण आणि दिवसा कुंपणाखालची सफाई, असे काम वाटून घेता येईल. ज्या हंगामात शिवारातले नुकसान कमी होईल त्या हंगामात त्यांना वर काही बक्षीस द्यावे, म्हणजे पीक वाचवण्याला पहिल्यांदाच मोल येईल. वस्तीपासून काही अंतरापर्यंतच्या पडीक रानातली रानमोडी फुलावर येण्याआधी उपटणे आणि अभयारण्याच्या आत तिच्या जागी पुन्हा गवत धरणे, ही कामेही त्याच हातांना देता येतील. दाजीपूरला गवे पाहायला येणाऱ्या पर्यटकांकडून जो महसूल जमतो त्याचा वाटा या राखणीसाठी मिळाला तर तेही रास्तच होईल. पर्यटकाला पहाटे कुरणावर जो कळप पाहून धन्य वाटते तो रात्री कोणाच्या तरी नाचण्यातून आलेला असू शकतो.

या सगळ्याच्या आधी मात्र मोजणी हवी, आणि तिला नवे सर्वेक्षण, नवी समिती किंवा नवा कायदा लागत नाही. ई-पीक पाहणीत, म्हणजे शेतातल्या पिकाची नोंद मोबाइलवरून करण्याच्या महसूल खात्याच्या पद्धतीत, चालू पड आणि कायम पड (न पेरलेली जमीन) यांची नोंद आजही करता येते. पड का राहिली याचे कारण तिथे नोंदवले जात नाही. पाणी नाही, मजूर नाही, वाद आहे, वन्यप्राणी आहेत, अशा चार-पाच पर्यायांचा एक रकाना त्या मोबाइल अ‍ॅपमध्ये वाढवला तर एका हंगामात तालुक्यातल्या प्रत्येक गटाचे चित्र समोर येईल. कोणत्या बाजूने शिवार उसवत चालले आहे, कोणत्या वाडीच्या वरचे तुकडे गेल्या पाच वर्षांत सुटले, कुंपण आधी कोठे लागले पाहिजे, हे नकाशावर दिसेल. काही जण खोटे कारण लिहितील, हे मान्य आहे. पण ते आज पंचनाम्यातही लिहिता येते, आणि पडीवर रोख रक्कम द्या अशी आमची मागणीच नसल्यामुळे खोटे लिहिण्यात फारसा लाभही नाही.

खरिपाची पीक पाहणी साधारण ऑगस्टमध्ये सुरू होते. त्यापूर्वी महसूल खात्याने हा बदल करावा यासाठी आमच्या ग्रामसभेचा ठराव आम्ही पाठवतच आहोत. आपल्याकडे माझी विनंती एवढीच की आपल्या जिल्हा प्रतिनिधीने अभयारण्याला लागून असलेल्या पाच-सहा गावांचे गाव नमुना बाराचे (सातबाऱ्यातल्या पीक नोंदीचे) उतारे काढून पंधरा वर्षांपूर्वीची पड आणि आजची पड शेजारी शेजारी ठेवावी, आणि जे दिसेल ते बिबट्याच्या बातमीला मिळते तेवढ्याच जागेत छापावे. उतारे जमवायला आणि वाड्यांवर सोबत यायला आमच्यापैकी काही जण तयार आहेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व शेतकरी
तालुका राधानगरी, जिल्हा कोल्हापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)